रग्बी लीग: धसमुसळा खेळ कुठे संपतो आणि फाउल कुठे सुरू होतो?

कोपरारक्षक

कबड्डीत काय चालतं नि काय नाही ते सवयीने डोळ्यांना कळतं. चढाईवाल्याचा घोटा धरा, कमरेला मिठी मारा, साखळी करून दाबा, कोणी हरकत घेत नाही. तोंड दाबून दम तोडला, केस ओढले, पायांची कात्री घातली की पंच शिट्टी मारतो. एनआरएल, म्हणजे ऑस्ट्रेलियातली व्यावसायिक रग्बी लीग, बघताना मला ही रेष सापडत नाही.

उदाहरणच देतो. ५ जून २०२४, स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलंड मालिकेचा पहिला सामना, सिडनी. न्यू साउथ वेल्सच्या जोसेफ सुआलीईने क्वीन्सलंडच्या रीस वॉल्शला मारलेल्या टॅकलबद्दल (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून अडवणं) त्याला आठव्या मिनिटालाच बाहेर काढलं. बारा जणांत उरलेला सामना खेळून संघ ३८-१० असा हरला. पण तेवढ्याच वेगाने छातीत बसलेल्या दणक्यांवर समालोचक खूश आणि रेफरी गप्प. मग रेफरी नेमकं बघतो काय? जोर, हेतू, की समोरच्याला किती लागलं ते? खांदा वापरायला परवानगी आहे की नाही? उचलून आपटणं कधी चालतं? आणि एखाद्याला मैदानावर दहाच मिनिटं बाहेर बसवून नंतर सहा सामन्यांची बंदी कशी होते? रग्बी युनियनचे नियम थोडेफार माहीत आहेत, त्यामुळे लीगपुरतंच सांगा.

शिट्टीवाला

जोर हा गुन्हा नाही, हे आधी पक्कं करा. दहा मीटर मागे सरकलेली बचावफळी पुढे धावत येते, समोरून शंभर किलोचा फॉरवर्ड चेंडू घेऊन येतो. टक्कर जोरातच होणार. नियमपुस्तकातलं गैरवर्तनाचं कलम जोराबद्दल बोलत नाही. डोक्याला किंवा मानेला संपर्क, मग तो मुद्दाम असो, बेपर्वाईने की निष्काळजीपणाने, लाथ, ठोसा, पाय अडकवून पाडणं, पडलेल्यावर गुडघे टाकणं, धोकादायक फेक, शोल्डर चार्ज. अशी ती यादी आहे. म्हणजे प्रश्न दोनच: संपर्क शरीराच्या कुठल्या भागावर झाला, आणि समोरच्याला स्वतःला सावरायला जागा ठेवली होती का.

‘निष्काळजीपणाने’ हा शब्द त्या यादीत आहे म्हणून ‘माझा तसा हेतू नव्हता’ या बचावाला मैदानावर फारशी किंमत नाही. हेतूवरून शिक्षेची पातळी ठरते, फाउल झाला की नाही ते ठरत नाही.

हाय टॅकलमध्ये रेफरी आणि बंकर, म्हणजे २०१६ पासून व्हिडिओवर निर्णय बघणारी खोली, साधारण या गोष्टी तपासतात. पहिला स्पर्श कुठे झाला? चेंडूवर किंवा छातीवर लागून हात वर घसरला असेल तर बहुधा पेनल्टीवर भागतं. थेट जबड्यावर बसला तर पुढचे प्रश्न सुरू होतात. बचावपटूचे पाय जमिनीवर होते की त्याने झेप घेतली होती? कंबरेत वाकला होता की ताठ उभा? हात गुंडाळायला आला की दांडक्यासारखा फिरला? चेंडूवाला ऐन वेळी घसरला का, दुसऱ्या टॅकलरने त्याला खाली ओढलं का? शेवटच्या दोन गोष्टी बचावपटूच्या बाजूने धरतात, कारण डोकं खाली येईल हे त्याला दिसणं शक्य नव्हतं.

सुआलीईच्या बाबतीत बाजूने धरण्यासारखं काहीच नव्हतं. फळी सोडून पूर्ण वेगात आला, ताठ राहिला आणि सरळ डोक्याला लागला. तीच धडक एक वीत खाली, छातीवर बसती तर त्या रात्रीच्या उत्तम टॅकलमध्ये मोजली गेली असती. त्याला पुढे चार सामन्यांची बंदी झाली.

माहीम_ते_मेलबर्न

खांद्याबद्दल: खांदा वापरायचाच असतो. सगळ्या चांगल्या टॅकलची सुरुवात खांद्यानेच होते. मनाई आहे ती शोल्डर चार्जला, म्हणजे हात अंगाशी आवळून, धरायचा प्रयत्नही न करता, जोराने खांदा घालणं. रेफरी बघतो तो दुसरा हात, जो लागला नाही तो. तो पुढे येऊन समोरच्याला वेढत असेल तर टॅकल, बरगडीशी चिकटलेला असेल तर चार्ज. टक्कर झाल्यावर हात नुसता वर फेकून ‘मी धरत होतो’ असं दाखवणारे पुष्कळ असतात. स्लो मोशनमध्ये ते लगेच उघडं पडतं, कारण हात टकरीनंतर हललेला दिसतो.

ही बंदी २०१३ च्या मोसमापासून आली. त्याआधीच्या पाहणीत असं निघालं होतं की एकूण टॅकलमध्ये शोल्डर चार्जचं प्रमाण जेमतेम ०.०५ टक्के, पण त्यातले १७ टक्के डोक्याला लागत होते. हात न वापरता घातलेला खांदा शेवटच्या क्षणी खाली वळवता येत नाही. चेंडूवाला थोडा जरी वाकला तरी खांद्यासमोर चेहरा येतो. तेव्हा चाहत्यांनी खूप आरडाओरडा केला. जून २०१५ मध्ये क्वीन्सलंड कपच्या सामन्यात जेम्स अ‍ॅकरमन हा खेळाडू अशाच धडकेनंतर मरण पावला, आणि तो वाद बराचसा शमला.

योग्य टॅकल कशी असते तेही सांगतो, म्हणजे फाउल का होतो ते कळेल. पुढचा पाय चेंडूवाल्याच्या पायांजवळ नेऊन रोवायचा. दुरून झेप घेतली की नियंत्रण गेलंच. गुडघ्यात आणि कंबरेत वाकून खांदा चेंडूखाली, पोट आणि छाती यांच्या मध्ये घालायचा. डोकं त्याच्या अंगाच्या बाजूला किंवा पाठीमागे. समोर आडवं आलं तर त्याच्या मांडीचा किंवा कोपराचा फटका बसून बचावपटूच झोपतो, आणि बेशुद्ध होणाऱ्यांत असे टॅकलर बरेच असतात. मग दोन्ही हात वेढून आवळायचे आणि पाय चालते ठेवायचे. नव्वद टक्के हाय टॅकल पहिल्या पायरीवरच बिघडतात: पाय लांब राहतो, शरीर ताठ राहतं आणि अंतर भरून काढायला हात वरून फिरतो. (हे ‘नव्वद टक्के’ आपलं बोलण्यातलं, मोजणीतलं नाही.)

चेंडूवाल्यालाही नियम आहेत हं. उघड्या तळव्याने ढकलणं, अगदी चेहऱ्यावरसुद्धा, चालतं. कोपर किंवा मनगटाचं हाड पुढे काढून घुसणं, बंद मूठ, झेल घेताना बूट समोरच्याच्या अंगावर रोखणं चालत नाही.

नीलांबरी

उचलण्याबद्दल मी लिहिते. उचलण्याला बंदी नाही. चेंडूवाल्याला अशा स्थितीत आणणं, की त्याचं डोकं किंवा मान आधी जमिनीला लागण्याची शक्यता आहे, याला बंदी आहे. प्रत्यक्षात शरीर आडव्या रेषेपलीकडे गेलं, म्हणजे कंबर खांद्यांच्या वर आली, की धोका सुरू झाला असं समजतात. तो पुढे पाठीवर पडला आणि हसत उठला तरी पेनल्टी बसते.

हे एकट्याकडून क्वचित होतं. नेहमीचा क्रम असा: दोघांनी वरून धरलेलं, तिसरा खाली येऊन एक मांडी उचलतो, बहुतेक वेळा हात दोन पायांच्या मध्ये घालून. वरचे दोघे त्याच क्षणी धड मागे किंवा खाली ढकलतात. शरीर तराजूच्या दांडीसारखं फिरतं. तिघांपैकी कोणालाच आपण आपटतोय असं वाटत नसतं. म्हणून प्रशिक्षक ‘पायांमध्ये हात नको’ असा सरसकट दंडक घालतात. उचललं गेलंच तर वरच्याने धड सोडायचं नाही, आणि पाय धरणाऱ्याने ताबडतोब पाय सोडायचे.

२४ मार्च २०१४ ला मेलबर्न स्टॉर्मविरुद्ध खेळताना न्यूकॅसलच्या अ‍ॅलेक्स मॅकिननच्या मानेचे मणके अशाच तिघांच्या टॅकलमध्ये मोडले. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. तिघांपैकी जॉर्डन मॅक्लीनला सात सामन्यांची बंदी झाली. त्यावर दोन्ही बाजूंनी राग होता. कोणाला सात फार वाटले, कोणाला फारच कमी. पडताना मॅकिननने डोकं आत घेतलं होतं, हा मुद्दा बचावात आला. पण मुळात तो तशा स्थितीत आला कसा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता ज्या फाउलना आवाजही होत नाही त्यांच्याकडे या. माझ्या मते खरी धोकादायक हीच मंडळी.

क्रशर: चेंडूवाला पुढे वाकलेला, बचावपटू मागून त्याच्या पाठीवर. छातीचा किंवा पोटाचा भार मानेच्या मागच्या बाजूवर येतो आणि हनुवटी छातीत दाबली जाते. टीव्हीवर नुसती गर्दी दिसते. टाळायचं तर भार खांद्याच्या फऱ्यांवर ठेवून बाजूला सरकायचं, आणि मुख्य म्हणजे आपले पाय जमिनीवर ठेवायचे. पाय घसरले की सगळं वजन मानेवर.

हिप ड्रॉप: बाजूने किंवा मागून कंबर धरलेली आहे, गडी पडत नाही. मग बचावपटू स्वतःचे पाय जमिनीवरून काढून फिरतो आणि कुल्ला त्याच्या पोटरीवर किंवा घोट्यावर टाकतो. त्या वेळी पाऊल जमिनीत रुतलेलं असतं, वरून वजन, शिवाय पीळ. घोट्याचे अस्थिबंध तुटतात, नडगीजवळचं हाड मोडतं. २०२२ मध्ये पॅट्रिक कॅरिगनच्या अशाच टॅकलमध्ये जॅक्सन हेस्टिंग्सचा पाय मोडला. चार सामन्यांची बंदी. पकड, फिरकी आणि वजन टाकणं हे तिन्ही जुळलं का, ते बघतात. नुसता घसरत पायांपर्यंत आलेला टॅकलर दोषी नसतो.

कॅननबॉल: दोघांनी उभं धरलंय, हलता येत नाही, आणि तिसरा बाजूने किंवा मागून थेट गुडघ्यावर येतो. एकास एक असताना गुडघ्याजवळची टॅकल अगदी कायदेशीर. फरक एवढाच की इथे त्या माणसाला पाय उचलायची सोय उरलेली नाही.

कोपरारक्षक

उत्तम, पुष्कळ उलगडलं. हिप ड्रॉप आता दिसायला लागला. पण क्रशरच्या वेळी मान धरून पडून राहणारे, आणि पेनल्टी मिळाली की टुणकन उठणारे? आणि शिक्षेचं गणित राहिलंच.

शिट्टीवाला

पडून राहण्याचा रोग खरा आहे. बंकर तपासू शकतो हे कळल्यावर खेळाडू झोपून वेळ काढायला शिकले. काही जण तर टॅकल होतानाच बचावपटूकडे पाठ फिरवून वाकतात, म्हणजे मान आयतीच सापडेल. रेफरीची पंचाईत अशी की खरी मानदुखी आणि नाटक बाहेरून सारखंच दिसतं, आणि चुकायचंच झालं तर तो कोणत्या बाजूला चुकेल ते उघड आहे.

शिक्षेकडे येतो. एनआरएलमध्ये रेफरी कार्ड दाखवत नाही, खुणा करतो. डोक्यावर हात आडवे धरले तर ‘ऑन रिपोर्ट’: खेळाडू खेळत राहतो, प्रकरणाची नोंद होते. दहा बोटं वर केली तर सिन बिन, दहा मिनिटं बाहेर. ड्रेसिंग रूमकडे हात केला तर सामना संपला, आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. ट्राय करताना, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवतानाच फाउल झाला तर ट्रायचे चार गुण, त्यानंतरच्या रूपांतराच्या किकचे दोन, आणि वर खांबांसमोरून एक पेनल्टी किक, आणखी दोन. म्हणून त्याला आठ गुणांची ट्राय म्हणतात. फारशी दिसत नाही, पण दिसली की टॅकलरचा कप्तान डोक्याला हात लावतो.

मैदानावरचा निकाल आणि नंतरची बंदी ही दोन वेगळी खाती आहेत. सामन्यानंतर मॅच रिव्ह्यू समिती सगळं चित्रीकरण बघते. रेफरीने काही केलं की नाही याच्याशी तिला बांधील राहायचं नसतं. आरोपाचा प्रकार (निष्काळजी, बेपर्वा की मुद्दाम, किंवा धोकादायक फेक, धोकादायक संपर्क) आणि त्यात एक ते तीन श्रेणी. त्यावर आधीचे गुन्हे चढतात. लवकर कबुली दिली तर शिक्षा कमी होते, लढून हरला तर जास्त. २०२२ पासून खालच्या श्रेणीच्या पहिल्या चुकीला बऱ्याचदा सामन्यांऐवजी दंडच असतो.

तुमचा ‘दहा मिनिटं आणि सहा सामने’ हा प्रश्न बहुतेक लॅट्रेल मिचेलवरून आला असावा. ऑगस्ट २०२१, साउथ सिडनी विरुद्ध रूस्टर्स. जोई मानूच्या गालाचं हाड मोडलं, मिचेलला मैदानावर फक्त सिन बिन. नंतर बेपर्वा हाय टॅकलचा आरोप, सहा सामने, आणि अंतिम सामना हुकला, जो साउथ १४-१२ असा हरले. रूस्टर्सचे प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन पंचांवर इतके बरसले की त्यांनाच २०,००० डॉलरचा दंड झाला. रेफरीच्या हाती एक-दोन मिनिटं नि तीन कॅमेरे, समितीच्या हाती अख्खा दिवस. तरीही तो निर्णय मैदानावर चुकला असंच माझं मत आहे.

जुना_लँगपार्क

सगळे फार शहाण्यासारखं लिहिताय, पण खेळ मऊ झालाय हे कोणीतरी म्हणायला हवं. मे २०२१ मध्ये मॅजिक राउंडला (सगळे सामने एकाच मैदानावर होतात तो आठवडा) अचानक हाय टॅकलवर कडक व्हायचं ठरलं आणि एका आठवड्याच्या सामन्यांत तिघे मैदानाबाहेर, चौदा सिन बिनमध्ये. मोसमाच्या मध्यावर निकष बदलतात का कधी? खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली उंची एका पत्रकाने खाली येत नाही. ओरिजिनमध्ये तर थोडी हाणामारी हा परंपरेचा भाग होता.

माहीम_ते_मेलबर्न

मोसमाच्या मध्यावर बदलू नये, हे शंभर टक्के मान्य. टॅकलची उंची बदलायला उन्हाळ्याचं सराव-शिबिर लागतं.

पण ‘जुन्या काळी सगळं चालायचं’ हे तेवढं खरं नाही. १९८३ च्या ओरिजिनमध्ये लेस बॉइडने कोपराने डॅरिल ब्रोमनचा जबडा मोडला तेव्हा बारा महिन्यांची बंदी घातली होती. आज कोणाला एवढी होते? २००४ मध्ये डॅनी विल्यम्सने मार्क ओ’नीलला मागून ठोसा मारला. डोक्याला आधी मार बसल्याने आपल्याला काही आठवत नाही, असा बचाव केला. अठरा आठवडे बाहेर.

ठोशांचं म्हणाल तर २०१३ च्या पहिल्या ओरिजिनमध्ये पॉल गॅलनने नेट माइल्सला दोन ठोसे लगावले आणि त्याला सिन बिनही झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानांवर तेच दिसणार, म्हणून टीका झाली. मग नियमच केला की ठोसा मारला की थेट सिन बिन. त्याच मालिकेच्या पुढच्या सामन्यात दोन्हीकडचे दोन-दोन, असे चौघे एकाच झटापटीत बाहेर बसले. ठोशाने ना चेंडू मिळतो, ना मीटर वाचतात. तो गेल्याने टॅकल मऊ झाली असं मला दिसत नाही.

नीलांबरी

शिवाय शिक्षा नुसत्या रक्तपाताला होते हाही गैरसमज. २००८ मध्ये स्टॉर्मचा कप्तान कॅमेरॉन स्मिथ अंतिम सामन्याला मुकला तो सॅम थायडेच्या डोक्या-मानेभोवती हात टाकून वळवल्याबद्दल. ग्रॅपल टॅकल: चेंडूवाल्याला उठायला उशीर व्हावा म्हणून मान पिरगळून आडवं करायचं. कोणी पडलं-झडलं नव्हतं. दोन सामने गेले आणि स्टॉर्म त्याच्याशिवाय मॅन्लीकडून ४०-० हरले. या खेळात प्ले-द-बॉल, म्हणजे टॅकल झालेल्याने उठून चेंडू पायाने मागे सरकवणं, एक सेकंदाने रेंगाळला तरी बचावफळी सावरते. बरेच घाणेरडे फाउल त्या एका सेकंदासाठी होतात, रागापोटी नाही. रागावलेला माणूस निदान दिसतो तरी.

एक भर घालते. किती लागलं यावर फाउल ठरत नाही हे बरोबर, पण दुखापतीचा परिणाम आता नियमातच आहे. २०२१ पासून संघाला अठरावा खेळाडू राखीव असतो. प्रतिस्पर्ध्याच्या ज्या फाउलला सिन बिन किंवा बाहेरचा रस्ता मिळाला, त्यामुळे आपला गडी सामन्यातून गेला, तर अठराव्याला उतरवता येतं. डोक्याला मार लागल्याची पंधरा मिनिटांची तपासणी नापास झाली की परत यायचं नाही. २०२३ पासून अशा खेळाडूला साधारणपणे किमान अकरा दिवस विश्रांती सक्तीची आहे.

कोपरारक्षक

हे एक सेकंदाचं गणित डोक्यात आलं नव्हतं. आता शेवटचं. किक मारणाऱ्याला आणि हवेत झेल घेणाऱ्याला वेगळं संरक्षण आहे का? आणि मुलांच्या सामन्यात तेच नियम असतात का? सिडनीतल्या पश्चिम उपनगरांत आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात, त्यांची मुलं शाळेतून लीगकडे वळताहेत, म्हणून विचारतोय.

शिट्टीवाला

हवेतला माणूस: किकचा झेल घ्यायला उडालेल्याला पाय टेकेपर्यंत टॅकल करता येत नाही. चेंडूसाठी तुम्हीही उडा आणि टक्कर होऊ द्या, ते चालतं. पण जमिनीवर उभं राहून त्याचे पाय ओढले की पेनल्टी, आणि तो उलटा पडला तर त्याहून पुढचं. किकर: चेंडू पायातून सुटण्याआधीच टॅकलला निघालेला बचावपटू एकदम थांबू शकत नाही, एवढी सूट आहे. सुटल्यानंतर जोर लावणं, किंवा त्याचा एक पाय हवेत असताना टेकलेल्या पायावर आदळणं, याला सूट नाही.

मुलांसाठी एनआरएलची वेगळी सेफप्ले संहिता आहे, पंधरा वर्षांखालच्या वयोगटांपर्यंत. उचलणं पूर्ण बंद. जर्सी धरून गरगर फिरवून फेकणं बंद. टॅकल काखेच्या खालीच. पडलेल्यावर मागाहून अंग टाकणं बंद. मोठ्यांच्या सामन्यात जे बघून मूल टाळ्या वाजवतं त्यातलं अर्धं त्याच्या सामन्यात फाउल आहे, हे घरच्यांनी आधी समजून घेतलं तर रेफरीवर ओरडणं कमी होईल. कबड्डी खेळलेल्या मुलांना वाकून कमरेखाली पकडायची सवय असते, त्यामुळे उंचीची अडचण त्यांना कमी येते. त्यांना शिकवावं लागतं ते डोकं कुठे ठेवायचं. कबड्डीत समोरचा एवढ्या वेगाने मांडी घेऊन अंगावर येत नाही. पहिले काही आठवडे गुडघ्यावर बसून, चालत येणाऱ्या जोडीदारावर, उजव्या आणि डाव्या दोन्ही खांद्यांनी सराव करून घ्या. डावा खांदा सगळेच टाळतात, आणि मग डोकं चुकीच्या बाजूला जातं.